जामीन कोण राहणार?

जालना रस्त्याने चिकलठाणा मागे टाकून शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या बसगाड्यांत पहिल्या पाळीची जी तरुण मुले पेंगत बसलेली असतात, त्यांतील बहुतेकांच्या पाठीशी, कितीही दरिद्री असले तरी, एक घर असते. ठेकेदाराने कमी केले, हात यंत्रात सापडला किंवा नुसता ताप आला, तरी परभणी-बीडकडच्या एखाद्या पत्र्याखाली महिनाभर पडून राहण्याची मुभा त्यांना जन्मतःच मिळालेली असते. ज्याचे बालपण बालगृहात गेले, त्याला ही मुभा नाही. अठरा वर्षे पूर्ण झाली, की संस्थेच्या दप्तरातून त्याचे नाव कमी होते, आणि सज्ञानपणाचा मान व निराधारपणाचा हुकूम एकाच दिवशी त्याच्या हाती पडतो.

अशा मुलाची खरी परीक्षा कारखान्याच्या फाटकावर होत नाही. आयटीआयचा फिटरचा दाखला असला, म्हणजे कंत्राटी का होईना, काम बहुधा मिळते. परीक्षा होते ती कुंभेफळसारख्या लगतच्या गावात, खोलीमालकाच्या ओट्यावर. मालक माणूस म्हणून वाईट नसतो. तो आधारकार्ड उलटसुलट करून पाहतो, पत्त्याच्या जागी संस्थेचे नाव वाचतो आणि विचारतो, "घरी कोण कोण हाय रे तुझ्या?" मुलगा "संस्थेत होतो" एवढेच सांगतो. "मग उद्या भाडं बुडवून गेलास, तर आम्ही कुणाला धरायचं?" प्रश्न निव्वळ व्यवहाराचा असतो, आणि म्हणूनच मुलापाशी त्याला उत्तर नसते. पुढे बँकेच्या कर्जाचा अर्ज, इस्पितळातील नातेवाइकाच्या सहीचा रकाना आणि लग्नाची बैठक, अशा प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न निराळ्या पोशाखात त्याच्यासमोर उभा राहतो.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. 2015 च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम 46 अन्वये संस्था सोडणाऱ्या मुलास अर्थसाहाय्य देता येते. अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या देखभालीची, मुदत सामान्यतः एकविसाव्या वर्षापर्यंत असून, 2016 च्या आदर्श नियमांनी अपवादात्मक परिस्थितीत ती आणखी दोन वर्षे वाढविण्याची तजवीज केली आहे. मिशन वात्सल्य योजनेखाली त्यासाठी दरमहा 4,000 रुपयांची तरतूद आहे. अनाथालयात वाढलेल्या अमृता करवंदे यांनी स्पर्धा परीक्षेतील स्वतःच्या अनुभवावरून दाद मागितल्यानंतर महाराष्ट्राने 2018 मध्ये अनाथांसाठी 1 टक्का समांतर आरक्षणही लागू केले. तथापि अर्थसाहाय्य हा मुलाचा हक्क नसून ते देणे वा न देणे शासनाच्या मर्जीवर आहे. आणि ते मिळाले, तरी रक्कम म्हणजे माणूस नव्हे.

इंग्लंडने 2000 सालच्या कायद्याने स्थानिक प्रशासनावर असे बंधन घातले, की संगोपनातून बाहेर पडणाऱ्या पात्र तरुणास एक ठरावीक सल्लागार नेमून द्यावा. 2017 च्या कायद्याने ही सोय पंचविसाव्या वर्षापर्यंत नेली. त्या व्यवस्थेतही उणिवा आहेत. परंतु पैशाइतकीच हाकेला ओ देणाऱ्या माणसाचीही गरज असते, हे तिने कायद्यात मान्य केले.

आपल्याकडे याची सुरुवात करण्यास नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. खोलीच्या अनामत रकमेस जामीन राहतील, दवाखान्यात सही करतील आणि दिवाळीला जेवायला बोलावतील, अशा निवृत्त फोरमनांची व शिक्षकांची, रीतसर चौकशी करून सिद्ध केलेली, यादी जिल्हा बाल संरक्षण कक्षाने ठेवावी. शेंद्र्यातील कंपन्यांनीही आपला सामाजिक दायित्वाचा निधी बालगृहांच्या रंगरंगोटीपलीकडे नेऊन या हमीच्या पाठीशी उभा करावा. यात बुडण्याजोगे फार थोडे आहे. आणि इतके करूनही जे या मुलांना अठराव्या वर्षीच स्वावलंबनाचा उपदेश करू इच्छितात, त्यांनी आपल्या पोटच्या पोराला तो नेमका कोणत्या वर्षी केला, हे एकदा आठवून पाहावे.