संकुलातील वृक्षनिवड : आरोग्याच्या दृष्टीने एक विचार

जानेवारी २०२३ मध्ये मोपाच्या विमानतळावरून विमानांची ये-जा सुरू झाली आणि पेडणे तालुक्यातील जमिनीचे मोल बदलले. काजूच्या बागा होत्या त्या उतारांवर आता निवासी संकुले उभी राहत आहेत. डिचोलीच्या परिसरातही सदनिकांची भर पडत आहे. प्रत्येक संकुलाच्या नकाशात हिरव्या रंगाचा एक पट्टा असतो. तो कोणत्या झाडांनी भरावा, हे मात्र बहुधा रोपवाटिकेतील उपलब्धता आणि जाहिरातीतील छायाचित्र यांवरून ठरते. हा निर्णय सौंदर्याइतकाच आरोग्याचाही आहे. म्हणून त्यात डॉक्टरांचे मत असावयास हवे.

कण्हेरीचे उदाहरण घेऊ. तिला गुरे तोंड लावत नाहीत, पाणी थोडे पुरते, फुले भरपूर येतात. त्यामुळे कुंपणालगत तिची रांग लावण्याचा मोह होतो. परंतु तिच्या सर्व भागांत डिजॉक्सिनसारखी, हृदयाची लय बिघडविणारी द्रव्ये असतात. पिवळ्या कण्हेरीची बी तर मुलांच्या खेळात सहज येते. २०२४ मध्ये केरळातील त्रावणकोर देवस्वम मंडळाने याच कारणास्तव नैवेद्य-प्रसादात कण्हेरीच्या फुलांचा वापर थांबविला. पेडण्याहून बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय गाठेपर्यंत किती मोलाचा वेळ जातो, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. मुलांच्या खेळाच्या जागेजवळ कण्हेर वा डम्बकेन नको, एवढा आग्रह धरणे आपले कर्तव्यच ठरते.

यावर 'केवळ देशी झाडे लावा' असे उत्तर दिले जाते. ते अपुरे आहे. आपल्या रानातला काजरा पूर्णतः देशी आहे. पण त्याच्या बियांत स्ट्रिक्निन असते. सातवीणही आपलीच, रानात शोभणारी; परंतु खिडकीखाली तिची रांग लावल्यास पावसाळ्यानंतर तिचा उग्र गंध दमेकऱ्यास नकोसा होतो. उलट परदेशी म्हणून सर्वच त्याज्य, असेही नव्हे. मात्र झपाट्याने वाढणाऱ्या कोनोकार्पसच्या लागवडीवर आरोग्य व पर्यावरणाच्या कारणास्तव गुजरात सरकारने २०२३ मध्ये बंदी घातली, ही गोष्ट आपल्या बांधकाम व्यावसायिकांच्या कानी घालावयास हवी.

दुसरा प्रश्न पाण्याचा. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो; पण त्याचा बहुतांश भाग चार महिन्यांत येऊन जातो. उरलेले आठ महिने हिरवळ जगविण्यासाठी रोज पाणी लागते, आणि तेही नळाला ताण असताना. कुंड्यांखालच्या बशांत साचणाऱ्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात, हे वेगळे सांगणे नलगे.

मग लावावे काय? प्रथम, असलेले झाड राखावे. गोव्यात १९८४ पासून वृक्ष संरक्षणाचा कायदा आहे. परवानगी मिळवून आंबा तोडणे आणि त्या जागी शोभेचे ताड लावणे, हा व्यवहार तोट्याचा आहे. नव्याने लावताना बकुळ, भिरंड, जांभूळ, आवळा, ताम्हण, सीताअशोक, सुरंगी यांचा विचार व्हावा. माटोळीला बांधावयाची काही फळे तरी दारातच मिळाली, तर संकुलातील मुलांना चतुर्थी केवळ बाजारातून ओळखावी लागणार नाही. नारळ हवाच, पण वाहनतळापासून व पायवाटेपासून दूर. जांभ्या दगडात खड्डा पुरेसा खोल घेऊन माती भरावी. तळघराच्या छतावर मात्र झुडपेच ठेवावीत. एक घनमीटर ओल्या मातीचे वजन दीड टनाहून अधिक भरते.

आपल्यापैकी अनेकजण आपापल्या गृहनिर्माण संस्थांच्या समितीवर आहेत. अनेक बांधकाम व्यावसायिक आपल्याकडे रुग्ण म्हणून येतात. झाडांची यादी लागवडीपूर्वी मागवून घेणे व तीवर एकदा नजर फिरविणे, याला अर्धा तास पुरे. विषबाधा झालेल्या बालकासाठी रात्रभर जागण्यापेक्षा हा अर्धा तास खचितच स्वस्त आहे. पेडणे व डिचोलीत अजून बरीच संकुले कागदावर आहेत. कागदावरचे झाड बदलणे सोपे असते. वीस वर्षे वाढलेले नव्हे.