भेसळ नव्हे, मेळ

तबला-गिटार एकत्र ऐकले की काही जण ‘भेसळ’ म्हणून नाक मुरडतात. उलट आमच्या सूसमध्ये शाळांची स्नेहसंमेलनं आली की भजनाखाली डीजेचा ठोका घालतात आणि त्याला ‘फ्यूजन’ म्हणतात. माझं भांडण दोघांशी आहे.

दोघांनीही ‘शक्ती’चा पहिला अल्बम ऐकावा. मैफल १९७५ ची, अल्बम १९७६ चा. मुंबईचे झाकीर हुसेन तबल्यावर, विनायकराम घटमवर, राघवन मृदंगमवर, एल. शंकर व्हायोलिनवर आणि इंग्लंडचे जॉन मॅकलॉफ्लिन गिटारवर. जॅझ-रॉकमध्ये मॅकलॉफ्लिन यांचं नाव गाजत होतं. तरी इलेक्ट्रिक गिटार बाजूला ठेवून ते एस. रामनाथन यांच्याकडे वीणा शिकले. साध्या गिटारलाही सतारीच्या तरफांसारख्या जादा तारा बसवून घेतल्या. इथे पाहुण्याने आपलं वाद्यच बदललं! भेसळ करणारा लपवतो, मेळ साधणारा शिकतो.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. ‘मुसलमान असून मराठी इतकी चांगली कशी?’ हे मी कौतुक म्हणून ऐकतो, आणि ‘मराठी आपली नव्हे’ हे घरच्यांकडून. दोघांनाही विचारतो : ‘तबला’ आणि ‘मैफल’ अरबीतून आले, ‘साज’ फारसीतून. हे शब्द मराठीतून काढून मैफलीचं वर्णन करून दाखवा.

शिक्षक बंधुभगिनींनो, मुलांना फ्यूजन जरूर करू द्या. पण आधी एक ताल, एक राग नीट शिकवा. ज्याला स्वतःचंच येत नाही, तो मिसळणार काय?