मृतसाठ्यातील जिवंत धन

उन्हाळा आला की बीड जिल्ह्यात सर्वांच्या मुखी एक शब्द येतो: मृतसाठा. धरणातील जे पाणी कालव्याच्या दारापेक्षा खाली राहते व आपोआप बाहेर जात नाही, त्यास हे नाव आहे. सिंदफणेवरील माजलगाव धरणात एकूण 454 दशलक्ष घनमीटर पाणी मावते. त्यांपैकी 142 दशलक्ष घनमीटर मृतसाठा होय. सिंचनाच्या हिशेबात हे पाणी मृत खरे, परंतु धरण आटलेल्या वर्षी वैशाखात साऱ्या माशांचा आसरा तेच असते. मासा तेथे नेमका कोठे सापडतो आणि त्यांतील किती धरावा, याविषयी ग्रामसेवक बंधूंशी व शेतकरी-मच्छीमार बांधवांशी चार शब्द बोलावयाचे आहेत.

उन्हात मासा खोल जातो हे सर्वांस ठाऊक आहे. म्हणून पुष्कळ जण जाळे थेट तळाशी सोडतात. माझाही समज तसाच होता. एका तलावावर पहाटे तराफ्यावरून जाळे ओढण्याच्या वेळी मी हजर होतो. सात परस खोल डोहात टाकलेले जाळे वर आले ते जवळजवळ रिकामे; दोन मृगळ होते, तेही मेलेले. सोबतचे वृद्ध भोई म्हणाले, "सायेब, तळाला पाणी हाय, पर त्यात दम न्हाई. मासा अधांतरी ऱ्हातो." पदवीच्या अभ्यासात वाचलेले प्रकरण मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने उमगले.

घंगाळातील गार पाण्यावर कढत पाणी सावकाश ओतले आणि ढवळले नाही, तर वर हात पोळतो आणि तळ गारच राहतो. खोल जलाशयात वारा पडलेला असता उन्हाळ्यात असेच घडते. तापलेले हलके पाणी वर व थंड जड पाणी खाली राहते आणि दोहोंची मिसळ होत नाही. तळाशी गाळ व पालापाचोळा कुजत असतो. तो खालच्या पाण्यातील प्राणवायू संपवितो आणि वरून नवा प्राणवायू पोहोचत नाही. वरचे पाणीही फारसे सुखाचे नसते. 20 अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर 30 अंशांस साडेसातच्या आसपास. म्हणून दुपारी मासा वरची काहिली टाळतो, खालचे कोंदट पाणीही टाळतो आणि मधल्या थरात राहतो. जाळे तेथे हवे.

हा थर शोधण्यास यंत्र लागत नाही. एका दोरीस हातहातावर गाठी माराव्यात, तिच्या टोकास दगड व बुचाची रिकामी बाटली बांधावी आणि बुचास दुसरी दोरी लावावी. हव्या त्या खोलीवर बूच ओढले की तेथील पाणी बाटलीत भरते. ज्या खोलीपासून पाणी एकदम गार लागू लागते व त्यास सडक्या अंड्यासारखा वास येतो, तिच्या वरच जाळ्याची खालची कड ठेवावी. पुढे आम्ही जाळे दोन परस वर टांगले, तेव्हा त्याच डोहात कटला व रोहू मिळाले. कटला पहाटे व सांजवेळी वर चरावयास येतो. मरळ हवेतूनही श्वास घेते. ती काठच्या शेवाळात शोधावी, खोल पाण्यात तिच्यासाठी श्रम दवडू नयेत. वळवाचा पाऊस व वावटळ झाल्यावर मात्र सावध राहावे. तळाचे वाईट पाणी वर मिसळले की मासे पृष्ठभागावर तोंडे काढून धापा टाकतात व कधीकधी शेकड्यांनी मरतात.

आता माझे खरे म्हणणे. मे महिन्यात मासा सापडणे सोपे होते, कारण त्यास जावयास दुसरी जागाच उरत नाही. मच्छरदाणीसारख्या बारीक आसाचे जाळे दोन-चार दिवस फिरविले की डोह धुऊन निघतो. हे मला मान्य नाही. मोठ्या आसाची जाळी लावून फेब्रुवारी ते एप्रिल या काळात विक्रीजोगा मासा काढून घ्यावा, आणि अखेरचा डोह मे-जूनमध्ये राखावा.

यावर आक्षेप येतो: "कटला-रोहू स्थिर पाण्यात अंडी घालत नाहीत, बोटुकली आम्ही विकतच आणतो. मग राखावयाचे कशासाठी?" आक्षेप निम्मा खरा आहे. 1957 साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या जातीच्या माशांचे प्रजनन घडवून आणले, त्यामुळेच आज बीज मागेल तेव्हा मिळते. परंतु मरळ, वाम यांचे बीज आपल्या धरणांत सहसा कोणी सोडत नाही. ते आपली वीण आपणच वाढवितात आणि डोह धुतला की संपतात. कटल्याचेही पाहा. अर्ध्या किलोचा मासा आज कवडीमोलाने जातो. तोच राखला तर पुढील हिवाळ्यात त्याचे वजन कितीतरी वाढते, आणि त्याच्या खाद्यास आपणांस पैसा पडत नाही. मोठा पूर आला तर चढणीस लागलेला जाणता मासा नदीच्या वाहत्या पाण्यात अंडीही घालू शकतो.

ठेक्याचे शेवटचे वर्ष असले की "आपण सोडला तर दुसरा नेईल" असे म्हणतात. ही भीती खोटी नाही. म्हणून ठेका देतानाच डोह राखण्याची अट हवी, असे माझे मत आहे.

दुष्काळात पिण्याच्या पाण्याचा हक्क पहिला, याविषयी वाद नाही. 2016 साली मांजरा धरण कोरडे पडले आणि एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. अशा वर्षी मासा राखा असे कोण म्हणेल? पण दर उन्हाळा तसा नसतो. डोह भरलेला असूनही मासा संपतो, तो पाण्याअभावी नव्हे.

ग्रामसेवकांनी फेब्रुवारीत मच्छीमार संस्थेच्या सभेस जावे, सोबत गाठींची दोरी न्यावी व डोहाची खोली सभासदांसमक्ष मोजावी. राखावयाच्या भागाच्या चारी कडांस बांबू रोवून चिंध्या बांधाव्यात. पाणी उतरत जाईल तसे ते आत सरकवावे लागतात.