विश्लेषण : प्रयोगशाळेतल्या अँटिबॉडीने चुकीचेच प्रथिन दाखवले तर?

मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होणे, लहानपणापासून दृष्टी मंदावत जाणे, वारंवार छातीत कफ साठणे. वरवर पाहता या तक्रारींचा एकमेकींशी संबंध दिसत नाही. पण या तिन्हींच्या मुळाशी ‘सिलिया’तला बिघाड असू शकतो. या सिलियांचा अभ्यास मोठ्या प्रमाणात विकतच्या अँटिबॉडींवर, म्हणजे प्रतिपिंडांवर चालतो. त्या अँटिबॉडी किती खात्रीच्या आहेत, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत ऐरणीवर आला आहे.

सिलिया म्हणजे काय?

पेशीच्या पृष्ठभागावर असलेले केसासारखे अतिसूक्ष्म भाग म्हणजे सिलिया. श्वासनलिकेतील सिलिया हलतात आणि कफ वर ढकलतात. शरीरातल्या बहुतेक पेशींवर मात्र एकच, न हलणारा सिलियम असतो. तो अँटेनासारखा बाहेरचे संदेश टिपतो. अनेक दशके तो निरुपयोगी अवशेष मानला जात होता.

अमेरिकेतील येल विद्यापीठात जोएल रोझेनबॉम यांच्या प्रयोगशाळेने १९९३ मध्ये एका हिरव्या शैवालात पाहिले की, सिलियाच्या आत मालाची ने-आण सतत चालू असते. ही ने-आण करणाऱ्या प्रथिनांपैकी एक म्हणजे ‘आयएफटी८८’. याच प्रथिनाचे जनुक बिघडलेल्या उंदरांच्या मूत्रपिंडात गाठी होतात आणि तिथल्या पेशींवरील सिलिया आखूड राहतात, हे २००० मध्ये दाखवण्यात आले. तेव्हापासून सिलियांकडे पाहण्याची दृष्टीच बदलली.

अँटिबॉडीचे काम काय?

प्रथिन साध्या सूक्ष्मदर्शकाने दिसत नाही. म्हणून त्यालाच चिकटेल अशी अँटिबॉडी वापरतात आणि तिला चमकणारा रंग जोडतात. जिथे चमक, तिथे प्रथिन, असा सरळ हिशोब.

सशाला किंवा उंदराला ते प्रथिन टोचून त्याच्या शरीरात अँटिबॉडी तयार करवून घेणे ही जुनी रीत. एकाच प्रकारची अँटिबॉडी हवी तेवढी बनवण्याची पद्धत कोलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये शोधली. त्यासाठी १९८४ मध्ये त्यांना नोबेलही मिळाले.

मग अडचण कुठे आहे?

अँटिबॉडी प्रथिनाचा एखादा छोटा तुकडाच ओळखते. तसाच तुकडा दुसऱ्या प्रथिनात असेल, तर ती तिथेही चिकटते. शिवाय सशाच्या रक्तातून काढलेली अँटिबॉडी दर खेपेला थोडी वेगळी निघते. तो ससा गेला की तो माल कायमचा संपला.

हे प्रमाण किती, हे ‘वायकॅरॉस’ या प्रकल्पाच्या अभ्यासातून दिसले. २०२३ मध्ये ‘ईलाइफ’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मेंदूविज्ञानाशी संबंधित ६५ प्रथिनांसाठीच्या ६१४ विकतच्या अँटिबॉडी तपासल्या गेल्या. निम्म्याहून अधिक अँटिबॉडी एका तरी चाचणीत नापास झाल्या. योग्य प्रथिन न ओळखणाऱ्या अँटिबॉडींवर आधारलेले शोधनिबंध दर प्रथिनामागे सरासरी १२ निघाले. हा अभ्यास सिलियांवरचा नव्हता, पण अँटिबॉडी बनवण्याची रीत सगळीकडे सारखीच असते.

खात्री कशी करतात?

सर्वात भक्कम कसोटी ‘नॉकआउट’ची. जनुक-संपादनाने पेशीतून ते जनुकच काढून टाकायचे. आता प्रथिन तयारच होत नाही, तर चमकही दिसायला नको. तरीही दिसली, तर अँटिबॉडी भलतेच काही दाखवते आहे.

सिलियांच्या बाबतीत इथे एक मेख आहे. आयएफटी८८ काढून टाकले की सिलिया बनतच नाहीत. त्यामुळे सिलियावरची चमक गेली, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. अँटिबॉडी सिलियातल्या दुसऱ्याच एखाद्या प्रथिनाला चिकटत असती, तरी चमक गेलीच असती. घर पाडल्यावर आतला माणूस दिसला नाही, म्हणून तो कोण होता हे कळत नाही. म्हणूनच सूक्ष्मदर्शकासोबत ‘वेस्टर्न ब्लॉट’ही करावा लागतो. त्यात प्रथिने आकारानुसार वेगळी होतात आणि पट्टा नेमक्या जागी आहे का, नॉकआउट पेशींत तो नाहीसा होतो का, हे पाहता येते.

आपल्याशी याचा संबंध काय?

पहिला संबंध रुग्णांशी. श्वासमार्गातील सिलिया जन्मतःच नीट न हलण्याच्या आजारात नाकातून घेतलेल्या पेशींवर अँटिबॉडीची चाचणी काही केंद्रांत केली जाते. तिथे अँटिबॉडी चुकली, तर निदान चुकू शकते.

दुसरा संबंध पैशाचा. भारतातल्या प्रयोगशाळा अशा अनेक अँटिबॉडी परदेशी कंपन्यांकडून घेतात. थेंबभर द्रवाच्या कुपीसाठी हजारो रुपये मोजायचे, ती थंड पेटीतून येण्याची वाट पाहायची आणि मग तिच्यावर पीएचडीचे महिनोनमहिने खर्च करायचे. ती निकामी निघाली, तर पैसा सरकारी अनुदानाचा जातो आणि वर्ष विद्यार्थ्याचे.

पुढे काय?

चित्र अगदीच निराशाजनक नाही. वरील अभ्यासानंतर कंपन्यांनी नापास ठरलेल्या बऱ्याच अँटिबॉडी बाजारातून काढल्या किंवा त्यांच्या वापराच्या सूचना बदलल्या. जनुकीय माहितीवरून पेशींत बनवलेल्या ‘रिकॉम्बिनंट’ अँटिबॉडी सर्वात सरस ठरल्या. त्यांचा नमुना लिहून ठेवलेला असल्याने त्या पुन्हा तशाच बनवता येतात. निबंधात अँटिबॉडीचा ओळख क्रमांक देण्याचा आग्रहही अनेक नियतकालिके धरू लागली आहेत.

तरीही शेवटची जबाबदारी वापरणाऱ्याचीच. कुपीवरच्या लेबलावर प्रथिनाचे नाव छापलेले असते. पण ते नाव खरे आहे का, हे स्वतःच्या पेशींवर तपासल्याशिवाय कळत नाही.