फूल पिकवायला शिकवता, मग मांडायला का नाही?



फुले मांडण्याची विद्या कॉलेजात शिकवतात, तिचे प्रमाणपत्र मिळते आणि तिच्यावर घर चालवणारी माणसे आहेत, असे आपल्या बैठकीत सांगितले की आधी हशा पिकतो. हार ओवायला कसले आले कॉलेज? गावचा गुरव पिढ्यान्‌पिढ्या ओवतो आहे, त्याला कोणी पदवी दिली? कापूस-ज्वारीवाल्याने पोराला पुष्परचना शिकायला पाठवायचे म्हणजे घर जळत असताना तोरण बांधण्यापैकी, असेही कोणी म्हणतो.

हशा ओसरला की आम्ही दोनच प्रश्न विचारतो. दसऱ्याच्या आदल्या रात्री झेंडूचा टेम्पो दादरच्या फूलबाजारात (आपली दादर ज्वारी नव्हे, मुंबईचे दादर) उभा राहतो, तेव्हा भाव कोण सांगतो? आणि तोच झेंडू दुसऱ्या दिवशी कोणाच्या मोटारीला, दुकानाला, मांडवाला बांधून दिला जातो, तेव्हा भाव कोण सांगतो? पहिल्या ठिकाणी घेणारा सांगतो. दुसऱ्या ठिकाणी बांधणारा सांगतो. पिकवणारा दोन्हीकडे गप्प. आवक वाढली की त्याने माल बाजारातच टाकून परतीचे भाडे अंगावर घ्यायचे, आणि त्याच दिवशी शहरात फुलांचे तोरण मात्र ठरल्या भावाने विकले जायचे. फूल तेच. मधे फरक पडतो तो माणसाच्या हाताचा.

कापसाचे आपण हेच भोगले. १९७२ साली राज्यात एकाधिकार खरेदी आली. कापूस कोणाला विकायचा हेही सरकारने ठरवले आणि काय भावाने विकायचा हेही. ती योजना गेली, खाजगी व्यापारी आला, पण शेतकऱ्याचा हात बोंडावरून पुढे सरकला नाही. सरकी, सूत, कापड, सदरा या प्रत्येक पायरीवर दुसऱ्याचे दुकान. आता कोणी आपल्याला सांगत असेल की कापूस परवडत नाही तर फुले पिकवा, तर त्याला विचारा की पायरी कोणती? पुन्हा तळाचीच ना?

सरकारने फुलांचे शिक्षण दिलेच नाही, असे आम्ही म्हणणार नाही. दिले, पण ते बांधापाशी येऊन थांबले. राज्य कृषी पणन मंडळाने तळेगाव दाभाड्याला २००२ मध्ये सुगी पश्चात तंत्रज्ञानाची संस्था काढली, तिथे हरितगृहाचे प्रशिक्षण मिळते. भारतीय कृषी संशोधन परिषदेने २००९ मध्ये फुलांच्या संशोधनासाठी वेगळे संचालनालय स्थापन केले, ते आज पुण्यात आहे. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाने फुलशेती आणि प्रांगण उद्यानाची पदविका काढली. आयटीआयच्या यादीत फुलशेती आणि उद्यानकाम हा एक वर्षाचा व्यवसाय आहे. कृषी पदवीला फुलझाडे, औषधी वनस्पती आणि उद्यानरचना हे तिन्ही मिळून एकाच विषयात बसवलेले असते. या सगळ्यात रोप कसे लावावे, खत किती द्यावे, मावा कसा आवरावा हे येते. फूल कापल्यावर पुढे काय, याची दोन पाने. २००५ मध्ये राष्ट्रीय फलोत्पादन अभियान आले आणि पॉलीहाऊसला निम्म्यापर्यंत अनुदान मिळू लागले. उरलेल्या निम्म्याला बँकेचे कर्ज. २०२० साली टाळेबंदीत देवळे आणि लग्ने बंद झाली, फुले उकिरड्यावर गेली, हप्ते मात्र चालू राहिले. आणि आपण तर कोरडवाहू. विहिरीला जानेवारीनंतर पाणी नाही. पॉलीहाऊसची चर्चा आपल्यासाठी नाहीच.

म्हणूनच मांडायची विद्या आपल्या कामाची. तिला विहीर लागत नाही.

जर्मनीत फुलवाल्याचा धंदा हा रीतसर शिकण्याचा व्यवसाय आहे. पोरगा किंवा पोरगी तीन वर्षे शिकते. आठवड्यातले काही दिवस दुकानात, काही दिवस व्यवसायशाळेत, आणि शिकत असतानाच हातात विद्यावेतन पडते. जपानात क्योटोला इकेनोबो घराणे पाचशेहून अधिक वर्षे फुले मांडणे शिकवते आहे. आपल्याकडे मात्र हे शिक्षण दोनच ठिकाणी सापडते. एक, शहरातल्या हौशी बायकांचे उन्हाळी वर्ग. दुसरे, खाजगी संस्थांचे अभ्यासक्रम. त्यांची माहितीपत्रके गुळगुळीत इंग्रजीत आणि फी अशी की कोरडवाहू शेतकऱ्याचा हंगाम त्यात बुडावा. मधला मार्ग, म्हणजे तालुक्याच्या गावी, मराठीत, दहावी झालेल्या पोरीला परवडेल असा, तो कोणी काढलाच नाही.

या विद्येत असते काय, ते नीट बघा. नुसती नजर आणि हौस असती तर आम्हीही हसलो असतो.

पहिली गोष्ट, कापलेले फूल जिवंत असते. देठ धारदार चाकूने तिरका कापायचा, पाण्यात बुडणारी पाने काढून टाकायची, कारण ती कुजतात आणि देठाची नळी बुजते. पाण्यात थोडी साखर, थोडी आंबट, जंतू मारायला किंचित ब्लीच; फूल दोन-चार दिवस जास्त टिकते. पिकत्या केळ्यांशेजारी फुलांची पेटी ठेवायची नाही. केळ्यातून जो वायू सुटतो, त्याने केळे पिकते आणि कार्नेशन झोपते. गुलाबाला दोन ते चार अंशांची थंडी मानवते, तीच ऑर्किडला आणि अँथुरियमला काळे पाडते. ज्याला हे ठाऊक नाही, त्याचा अर्धा माल मांडवात पोचण्याआधी मरतो.

दुसरी गोष्ट बांधणीची. हातातला गुच्छ एका दिशेने फिरवत देठांची पीळ घालत बांधला की तो पसरतो, कमी फुलांत भरलेला दिसतो आणि पाण्यात उभा राहतो. शहरात सगळी रचना हिरव्या स्पंजात खोचतात. हा स्पंज प्लास्टिकच्या जातीचा, मातीत कुजत नाही. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत त्याला बंदी केली. तिकडे आता तारेची जाळी, काटक्यांचा आधार, शेवाळ याकडे परत वळताहेत. बांबूची कामटी आणि वेलाची चुंबळ आपल्या पाड्यापाड्यांवर जन्मल्यापासून हाताळतात, त्यांना हे शिकवायला जर्मनीहून मास्तर नको.

तिसरी गोष्ट हिशेबाची, आणि आमच्या मते तीच खरी विद्या. उदाहरणादाखल आकडे घेऊ. एका स्टेजला दोन हजारांची फुले लागतात. दहावा हिस्सा वाटेत मोडणार, म्हणून दोनशेची जास्त आणायची. बांबू, तार, सुतळी तीनशे. तीन माणसे रात्रभर राबणार, त्यांची मजुरी पंधराशे. टेम्पो पाचशे. झाले साडेचार हजार. यात बांधणारणीने स्वतःचा रोज आणि नफा धरायचा आणि मगच तोंडातून आकडा काढायचा. मोडीपासून मजुरीपर्यंत सगळे धरून किंमत सांगणे, हा जगभरच्या फूलशाळांतला रोजचा धडा आहे. आपल्याला तो नवा नाही. क्विंटलभर कापसाचा उत्पादन खर्च काढायला आपला कार्यकर्ता पाठ आहे. फरक इतकाच, की आपण खर्च काढतो आणि निवेदनाला जोडतो; फुलवाला खर्च काढतो आणि बिलात लिहितो.

आता आपल्या शेतात यासाठी काय आहे? गुलाब नाही, जरबेरा नाही. पण शहरातल्या बुकेत आणि फुलदाणीत आजकाल काय खोचलेले असते ते बघा: फुटलेल्या बोंडासकट कपाशीची काडी, ज्वारी-बाजरीची वाळलेली कणसे, गवताचे तुरे. कोलकाता आणि तुतिकोरीनहून सुक्या फुलांची परदेशी निर्यात होते. त्यात वाळलेल्या शेंगा, कमळाची बोंडे, कपाशीच्या बोंडाची रिकामी टरफले असा माल असतो. म्हणजे आपण जे चुलीत घालतो, ते कोणी पेटीत भरून विकतो. दादरचे भरदार कणीस, पळसाचा केशरी तुरा, सागाच्या फळांचे घोस हा या डोंगरपट्टीतला माल आहे, आणि त्याला ओळखणारी नजर शिकवून तयार करता येते.

एक इशारा मात्र इथेच देतो, कारण हे ऐकून उद्या कोणी पऱ्हाट्या साठवायला लागेल. २०१७ ला गुलाबी बोंडअळीने काय केले ते विसरू नका. अळी बोंडात आणि सरकीत दडून राहते. डिसेंबर-जानेवारीत शेत मोकळे करायचे ते करायचेच. सजावटीच्या काड्या निवडायच्या त्या पूर्ण फुटलेल्या, डाग नसलेल्या बोंडांच्या. सरकी काढून, कडक ऊन देऊन, बंद पेटीत. ढीग घालून शेताच्या कडेला ठेवाल, तर चार काड्यांच्या लोभात शिवार खाल.

फुलांवर आपला हक्क सांगताना सरकारची एक जुनी करामतही सांगितली पाहिजे. या भागात पाण्याशिवाय, खताशिवाय, अनुदानाशिवाय येणारे एक फूल आहे, मोहाचे. त्याच्यासाठी इंग्रजांनी मुंबई इलाख्यात १८९२ साली खास कायदा केला. स्वातंत्र्य आले, पुढे दारूबंदीच्या कायद्याखाली ते फूल बाळगण्यावर निर्बंध राहिले, आणि ते शिथिल व्हायला २०२१ साल उजाडले. आदिवासीने आपल्या झाडाखालचे फूल वेचून घरात ठेवायला सरकारची संमती! म्हणून फूलविद्येचे प्रमाणपत्र मागतानाच आम्ही बजावतो, की ते प्रमाणपत्र विद्येचे असावे, परवान्याचे नको. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात फुले मांडून विकायला परवाना लागत असे. त्यासाठी प्रत्यक्ष रचना करून दाखवायची, आणि तपासणारे कोण, तर आधीचे परवानाधारक फुलवाले. नव्याला नापास करण्यात ज्यांचा फायदा, तेच परीक्षक. २०१० मध्ये ही प्रात्यक्षिकाची अट काढून टाकावी लागली. आपल्याकडे असली बुद्धी कोणाला सुचू नये. शिकलेली बांधेल, न शिकलेलीही बांधेल, गिऱ्हाईक निवडेल.

प्लास्टिकच्या फुलांवर बंदी घाला, अशी मागणी २०२५ मध्ये विधानसभेत झाली. मागणीमागचे दुखणे खरे आहे. पण डेकोरेशनवाला प्लास्टिकचे फूल का घेतो? ते धुऊन पन्नास लग्नांना वापरता येते, रात्रीत कोमेजत नाही, आणि मांडणाऱ्याला विद्या लागत नाही. खरे फूल दोन दिवस ताजे ठेवून, कमी मालात मांडव उठवून दाखवणारी शंभर पोरे तालुक्यात असतील, तर प्लास्टिकशी सामना होईल. नुसत्या बंदीने फूल विकले गेल्याचे आम्ही पाहिले नाही.

महात्मा फुल्यांचे आडनाव मूळचे गोऱ्हे. घराणे पेशव्यांना फुले पुरवू लागले आणि धंद्यावरून फुले झाले. १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणारा माणूस फुलाऱ्याच्या घरचा होता, आणि शिक्षण नाही म्हणून शेतकरी नागवला जातो हे त्याच्याइतके कोणी ओळखले नाही. तेव्हा हलक्या जातीचे काम, बायकी काम असे म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे नाव एकदा आठवावे.

शंका घ्यायला जागा आहे, तीही सांगतो. नवापूर तालुक्यात फुलवाल्यांची दहा दुकाने एकदम चालणार नाहीत. लग्नसराईचे महिने मोजके. नुसता कागद हातात देऊन पोरांना सोडले, तर डी.एड. झालेल्यांच्या रांगेत आणखी एक रांग लागेल. पण चिंचपाड्याकडे नकाशात बघा. सुरत-भुसावळ रेल्वे गावातून जाते. सुरत आपल्याला पुण्या-मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. पलीकडचे नवापूर स्टेशन तर अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. आपली माणसे दर वर्षी याच दिशेने ऊसतोडीला जातात आणि उचलीच्या बोलीवर राबतात. त्याच सुरतेत लग्नाच्या मांडवावर फुलांचा पैसा पाण्यासारखा वाहतो. कोयता घेऊन जाणारी पोर कात्री आणि हिशेबाची वही घेऊन गेली, तर निदान आपल्या कामाचा आकडा ती स्वतः सांगेल.

जिल्ह्याच्या बैठकीपुढे ठराव येतो आहे तो असा: आयटीआयच्या फुलशेतीच्या व्यवसायाला सहा महिन्यांचा पुष्परचनेचा भाग जोडावा, तो मराठीत शिकवावा, त्यात किंमत काढण्याचा वेगळा तास असावा, आणि त्यातले दोन महिने सुरत किंवा नाशिकच्या चालू दुकानात विद्यावेतनावर काढावेत. फी सरकारी आयटीआयची, त्याहून एक रुपया जास्त नाही. ठरावावर ज्यांना विरोधात बोलायचे आहे, त्यांनी जरूर बोलावे. ज्यांच्या घरी दहावी झालेली मुलगी किंवा मुलगा आहे, त्यांनी त्यांना सोबत आणावे. ठराव त्यांच्याबद्दल आहे, तर मत त्यांचेही घेऊ. आणि येताना पिशवीत दादरची चार कणसे आणि सरकी काढलेल्या बोंडांच्या दोन काड्या घेऊन या.