देवयानीची बाजू

यंदा पावसात रेवदंड्याला सारखी वीज जायची, म्हणून खिडकीशी बसून दोन जुन्या कादंबऱ्या पुन्हा वाचल्या. गोनीदांच्या 'शितू'ने याही वेळी रडवलंच. त्यातली माणसं तर आमच्या आळीतलीच वाटतात!

'ययाति'चं मात्र वेगळं झालं. खांडेकरांची ही १९५९ची कादंबरी, जिला १९७४चं ज्ञानपीठ मिळालं. बी.ए.ला होते तेव्हा मला शर्मिष्ठाच आवडायची. देवयानी गर्विष्ठ, असं पुढे वर्गात मुलींनाही सांगत आले. आता सत्तरी उलटल्यावर वाटतं, कचाने नाकारलं, नवऱ्याने फसवलं, तरी बोल तिलाच? खांडेकरांनी तिला स्वतःच्या तोंडून बोलू दिलं खरं, पण माया सगळी शर्मिष्ठेवर.

त्या मुलींपैकी कुणी हे वाचत असेल, तर... बाई चुकल्या होत्या गं.