पहिला कागद कोण लिहितं?

माझ्या नोकरीच्या जाहिरातीत 'एम.एस.डब्ल्यू. आवश्यक' असं लिहिलेलं होतं. नवरा-बायकोच्या भांडणात समुपदेशन करायचं तर पदव्युत्तर पदवी हवी, आणि ते बरोबरच आहे. पण त्याच भांडणात बाई मेली, तर ती कशी मेली हे पहिल्यांदा कागदावर उतरवणाऱ्याला कोणतं शिक्षण लागतं? त्या दिवशी त्याची ड्यूटी असावी लागते, एवढंच.

हे मी एका शवागाराबाहेरच्या बाकावर बसून पाहिलं आहे. शेजारी मुलीची आई होती. हवालदार मरणोत्तर पंचनामा लिहीत होते. माणूस वाईट नव्हता; आईला त्यांनी स्वतः पाणी आणून दिलं. पण पंच म्हणून सहीला उभे होते ते सासरच्या बिल्डिंगमधले शेजारी, आणि 'गळफास' हा शब्द मुलीचा देह नीट पाहण्याआधीच लिहून झाला होता. दोर कुठे आहे, असं मी विचारलं. "घरच्यांनी सोडवला, टाकला असेल कुठंतरी."

गळ्यावरचा वळ तिरका होऊन वर चढतो की आडवा सगळीकडून फिरतो, यावरून फास घेणं आणि गळा आवळला जाणं यांतला फरक ओळखायला मदत होते. म्हणून दोर कापताना गाठ तशीच राखायची असते. जळालेल्या बाईच्या श्वासनलिकेत काजळी सापडली, तर आग लागली तेव्हा तिचा श्वास चालू होता असं कळतं. न्यायवैद्यकातले हे अगदी पहिले धडे. ज्याला ते कुणी शिकवलेच नाहीत, त्याच्या हातून पुरावा जातो, आणि तो मुद्दाम घालवावा लागत नाही.

पुण्यात हा विषय निघाला की मंजुश्री सारडाची आठवण येतेच. फेब्रुवारी १९८२ मध्ये लग्न, जूनमध्ये मृत्यू. रासायनिक तपासणीत पोटॅशियम सायनाइड निघालं. पुण्याच्या सत्र न्यायालयानं नवऱ्याला फाशी सुनावली, मुंबई उच्च न्यायालयानं ती कायम केली आणि १७ जुलै १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्याला निर्दोष सोडलं. आपल्या आधीच्या पिढीतल्या मैत्रिणींनी 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन गावोगाव नेलं ते याच मृत्यूनंतर. तो निकाल आपण रागानं आठवतो, पण एकदा शांतपणे वाचायला हवा. विषप्रयोगाच्या खटल्यात हेतू, विषानंच मृत्यू, आरोपीजवळ ते विष असणं आणि ते देण्याची संधी, अशा चार गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात, असं न्यायालय म्हणतं. आरोपीजवळ सायनाइड होतं, हे सिद्ध झालं नाही. तो निर्दोष आहे हे मानूनच मी लिहिते आहे. पण मग सायनाइड आलं कुठून? खून असो की आत्महत्या, ते कुठूनतरी घरात आलंच होतं. असल्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या काही तासांत त्या खोलीत शोधायचं असतं. दोन वर्षांनी दिल्लीत ते सापडत नाही.

१९८३ मध्ये कायदा बदलला. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाईनं आत्महत्या केली किंवा तिचा मृत्यू संशयास्पद असला, तर दंडाधिकाऱ्यानं चौकशी करायची, असं ठरलं. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ आणि १९६ मध्ये आहे. पण हे कार्यकारी दंडाधिकारी म्हणजे बहुधा तहसीलदार किंवा नायब तहसीलदार. सातबारा, निवडणूक, रेशनकार्ड यांतून वेळ काढून ते येतात. मृतदेहाबद्दल त्यांना हवालदारापेक्षा जास्त कळावं अशी अपेक्षा कायदा कुठेच करत नाही. (पंचवीस वर्षं नोकरी झालेल्या हवालदाराला कधी कधी त्यांच्यापेक्षा खूपच जास्त कळतं, हेही सांगायला हवं.) शवविच्छेदन करणारी व्यक्ती 'पात्र' वैद्यकीय व्यक्ती असावी, एवढंच कलम म्हणतं. ससूनला न्यायवैद्यक विभाग आहे. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात मात्र सकाळी ओपीडी आणि बाळंतपण करणारे एम.बी.बी.एस. डॉक्टरच दुपारी हे काम उरकतात.

नव्या संहितेत एक चांगली गोष्ट आली, असं आपल्याला सांगितलं जातं. कलम १७६(३) प्रमाणे सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैज्ञानिक तज्ज्ञानं घटनास्थळी जायचं आहे. अंमल सुरू करायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. मैत्रिणींनो, यातला 'गुन्हा' हा शब्द नीट पाहा. 'अकस्मात मृत्यू' अशी नोंद झाली की अजून गुन्हाच नाही. मग तज्ज्ञानं यायची सक्तीही नाही. पुढे महिन्याभरानं हुंडाबळीचं कलम लागलं तर तज्ज्ञ येतील, तोवर खोली धुऊन रंग देऊन झालेली असेल. म्हणजे तज्ज्ञाची गरज आहे की नाही, हे ठरवतो तो तज्ज्ञ नसलेला माणूस.

मुंबईत १९९९ पर्यंत कोरोनर होता; पुण्याला तो कधीच नव्हता. त्याच्यासाठी गळा काढायचं मला कारण दिसत नाही. अमेरिकेत काही ठिकाणी कोरोनर मतं मागून निवडून येतो आणि वैद्यकाचं शिक्षण नसलं तरी चालतं. इंग्लंडनं मात्र २००९ च्या कायद्यानं वकिलीची पात्रता आणि पाच वर्षांचा अनुभव ही अट घातली. पद कोणतं हा मुद्दा गौण आहे, अट लिहिलेली आहे की नाही हा खरा.

आपल्याकडे ती लिहून घ्यायला हवी. बाईच्या कोणत्याही अनैसर्गिक मृत्यूची नोंद होताच, गुन्हा दाखल होण्याची वाट न पाहता, तज्ज्ञ घटनास्थळी जावा. शवविच्छेदन न्यायवैद्यकात एम.डी. झालेल्यानं करावं, तसा डॉक्टर नसेल तिथे देह जिल्ह्याच्या ठिकाणी न्यावा, गाडीचा खर्च शासनानं करावा. पंचनामा लिहिणाऱ्याचं प्रशिक्षण झाल्याशिवाय त्याला ते काम देऊ नये. आणि सात वर्षांची मर्यादा कशाला? आठव्या वर्षी मरणारी बाई काय कमी मरते?

तोवर एक गोष्ट आपल्या हातात आहे. लग्नाला सात वर्षं झालेली नसतील आणि मुलीच्या नातेवाइकानं मागणी केली, तर पोलिसांना देह शवविच्छेदनासाठी पाठवावाच लागतो. मागणी लेखी करा आणि पोच घ्या. दोर, गाठ, कपडे, भांडी ताब्यात घेण्याची मागणीही त्याच अर्जात लिहा.

त्या दिवशी आईचा अर्ज मी वहीचं पान फाडून लिहिला. हवालदारांनी तो घेतला. पोच द्यायला त्यांच्याकडे शिक्का नव्हता.